शंका असेल तर घरच्याला

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हतं. खरं आडनाव पगाराच्या यादीत तेवढं शिल्लक होतं आणि तिथेही ते चुकीचं छापलेलं होतं. बास्केटबॉलच्या त्या क्लबात सव्वीस वर्षं ते मैदानाच्या मधोमध असलेल्या टेबलाशी बसले. कुणी किती बास्केट टाकल्या, कुणी कुणाला पास दिला, कुणी कुणाचा चेंडू हवेतच झोडपून खाली पाडला, हे सगळं ते टिपून घेत. तराजूचा काटा जसा कुणाच्या बापाला भीत नाही तसा यांचा पेन, असं कुणीतरी एकदा म्हणालं आणि नाव पडलं ते पडलंच. काकांना ते आवडायचं. तोंडाने मात्र म्हणायचे, "काय पोरखेळ लावलाय!"

बसायची जागाही ठरलेली. डावीकडे घड्याळ सांभाळणाऱ्या बाई, उजवीकडे कॉम्प्युटरवर टाइप करणाऱ्या दुसऱ्या बाई. काका बोलायचे, त्या टाइप करायच्या. "अकरा, दोन गुण, पास भिंगरी." एवढंच. चोवीस हजार माणसं बोंबलत असली तरी काकांचा आवाज वर चढत नसे. पुढ्यात कागदही असायचा, कारण कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नव्हता. सामना संपला की कागद घेऊन ते प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या आपल्या खोलीत जात. खोलीचं छत एका बाजूला इतकं खाली आलेलं होतं की कपाट उघडताना वाकावं लागे. त्या कपाटात सव्वीस वर्षांचे कागद होते.

आता या कामात एक गोम आहे आणि ती समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. बास्केट किती पडल्या यात वाद नसतो, चेंडू जाळीतून गेला की गेला. पण एकाने पास दिला आणि दुसऱ्याने लगेच बास्केट टाकली, तर पास देणाऱ्याच्या नावावर एक असिस्ट लागतो. इथे 'लगेच' म्हणजे किती लगेच? चेंडू हातात आला आणि टाकला, तर ठीक. एकदा टप्पा मारून टाकला तरी चालेल. पण दोन टप्पे मारले, एकाला हूल दिली आणि मग टाकला, तर श्रेय पास देणाऱ्याचं की टाकणाऱ्याचं? नियमाच्या पुस्तकात याबद्दल दीड ओळ आहे. उरलेलं सगळं टेबलावरच्या माणसाच्या मनावर.

काकांच्या आधी त्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची सोडताना काकांना एकच मंत्र दिला होता: "शंका असेल तर घरच्याला." म्हणजे आपल्या संघाला. पाहुण्यांच्या गावी गेलो की त्यांचा टेबलवाला त्यांच्या पोरांना देतोच, तेव्हा फिटंफाट. सगळीकडे हेच चालतं आणि सगळ्यांना ते माहीत असतं. याला कुणी लबाडी म्हणत नाही. काकांनीही हा मंत्र पुढे एकाला दिला होता, तो म्हणजे त्यांच्या साडूला. साडू दुसऱ्या शहरातल्या क्लबात तेच काम करायचे. काकांनीच त्यांना चिकटवलं होतं, कारण मेहुणीचा नवरा घरी बसून राहिला तर बायकोचं तोंड बघवत नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका बुधवारी क्लबच्या मॅनेजरबाईंनी काकांना वर बोलावलं.

बाई एकेकाळी स्वतः खेळायच्या. गुडघा गेला आणि त्या खुर्चीत आल्या. डावा पाय कायम स्टुलावर. बोलणं तुकड्या-तुकड्यांत.

"काका, ते भिंगरी मागताहेत."

"कोण ते?"

"तुमच्या साडूंचा क्लब. बदल्यात उंट देतात. अदलाबदल. बारा दिवसांनी मुदत संपते. मला तुमचं मत पाहिजे. लेखी."

भिंगरी म्हणजे काकांच्या संघातला सर्वांत बुटका खेळाडू. नऊ वर्षांपूर्वी आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. एका जागी म्हणून उभा राहायचा नाही, पायाला भिंगरी लागलेली. पास देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं वर्तमानपत्रं म्हणत आणि ती ते काकांच्या आकड्यांवरून म्हणत. उंट हा तिकडच्या संघातला उंचाडा गडी. चालताना मान आधी पुढे जायची आणि बाकीचा माणूस मागून. समोरच्यांचे चेंडू तो हवेतच अडवायचा, म्हणजे ब्लॉक करायचा, आणि त्यात तो सबंध लीगमध्ये दुसरा होता.

"तुमच्याकडे दोन तज्ज्ञ आहेत ना?" काका म्हणाले.

"आहेत. दोघं म्हणतात करा. कॉम्प्युटर म्हणतो करा. म्हणून तर तुम्हाला विचारते. आठ वर्षांपूर्वी तुम्ही एकटे नको म्हणाला होतात."

तेव्हा काकांचं कुणी ऐकलं नव्हतं आणि त्या अदलाबदलीतून आलेला गडी सहा महिन्यांत पाठ धरून बसला होता. ही गोष्ट काकांनी स्वतःहून कधी काढली नाही, पण दुसऱ्याने काढली की त्यांना बरं वाटायचं. आताही वाटलं.

काका खाली आले, दार लावलं आणि कामाला बसले. त्यांची पद्धत साधी होती. खेळाडूचे घरच्या मैदानावरचे आकडे एका कागदावर लिहायचे, परक्या मैदानावरचे दुसऱ्यावर, आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायचे. घरी थोडं जास्त असणारच. थोडं म्हणजे भाजीवाला वरून मिरच्या टाकतो तेवढं.

उंटाचं बघितलं तर घरी सामन्यागणिक जवळजवळ तीन ब्लॉक, बाहेर एकाला चिकटून. काका गालातल्या गालात हसले. साडूंचं अक्षर त्यांना आकड्यांतसुद्धा ओळखू आलं. या हंगामातल्या तिकडच्या एकोणीस सामन्यांच्या चित्रफिती त्यांनी मागवल्या आणि रोज दुपारी दार लावून बघायला बसले. साडूंनी पंचावन्न ब्लॉक दिले होते. काकांना सापडले सत्तावीस. बाकीच्या वेळी उंट हात वर करून शेजारी उभा होता आणि चेंडू टाकणाऱ्याचा नेमच चुकला होता. एकदा तर उंटाची पाठ होती. चेंडू त्याच्या मानेला लागून बाहेर गेला, तोही ब्लॉक. काका एकटेच खो-खो हसले. घरी जाऊन बायकोला म्हणाले, "तुझ्या मेव्हण्याने उंटाच्या मानेलाही पगार लावलाय."

"माझ्या बहिणीच्या नवऱ्याला नावं ठेवल्याशिवाय तुम्हाला घास जात नाही," बायको म्हणाली.

मत तयार होतं. उंट पोकळ आहे, अदलाबदल करू नये. चार ओळींत काम संपलं असतं. पण काका हे काटेकाका होते. एकाला तराजूत घातलं तर दुसऱ्यालाही घालायला पाहिजे, नाहीतर उद्या कुणी म्हणेल की घरच्याला सोडलं. म्हणून त्यांनी भिंगरीचेही दोन कागद शेजारी ठेवले.

घरी सामन्यागणिक आठच्या वर असिस्ट. बाहेर पाच.

काकांना पहिल्यांदा वाटलं, बाहेरचे टेबलवाले कवडीचुंबक आहेत. सगळे? चौदाच्या चौदा शहरांतले? मग वाटलं, पोराला घरचं मैदान मानवत असेल. मग त्यांनी स्वतःच्या एकोणीस सामन्यांच्या चित्रफिती मागवल्या आणि दार लावलं. या खेपेला ते हसले नाहीत.

एकशे छपन्न असिस्ट त्यांनी दिले होते. पुस्तकाप्रमाणे धरले तर एकशे चारच भरत होते. बावन्न असे होते की पास घेणाऱ्याने आधी दोन टप्पे, तीन टप्पे मारले होते, एकदा तर थांबून बुटाकडे बघितलं होतं आणि मग बास्केट टाकली होती. त्यावर काकांचाच आवाज त्यांना आठवत होता: "पास भिंगरी."

आता मंत्र होताच: शंका असेल तर घरच्याला. काकांनी त्याचा आधार घेतला. पण त्यांनी आणखी एक गोष्ट मोजली आणि ती मोजायला नको होती. घरच्याच संघातल्या बाकीच्या पोरांचे असे शंकेचे पास एकतीस होते. त्यातले त्यांनी दिले होते बारा. भिंगरीचे बावन्नपैकी बावन्न.

म्हणजे शंका आली की घरच्याला, असं काही नव्हतंच. शंका आली की भिंगरीला, असं होतं.

काकांनी तो कागद उलटा करून ठेवला. त्यांना मनापासून लाज वाटली. लबाडी केल्याची वाटली असती तर एक वेळ सोसली असती. आपल्याला पत्ताच नव्हता याची वाटली. असं का झालं, ते त्यांना शोधायला लागलं नाही. भिंगरी दर सामन्याआधी टेबलापाशी यायचा, दोन बोटांनी दोनदा टकटक करायचा आणि विचारायचा, "काका, जेवलात?" बस, एवढंच. चोवीस हजार माणसांत काका जेवले की नाही याची चौकशी करणारा तो एकटा होता. काकांना मूलबाळ नव्हतं, पण त्याचा याच्याशी काही संबंध जोडू नये, असं काकांचं स्वतःचं मत होतं. काका नेहमी म्हणायचे, "हो, जेवलो. तू खेळाकडे लक्ष दे."

रविवारी साडूंचा फोन आला. तो दर रविवारी यायचाच. दोघी बहिणी चाळीस मिनिटं बोलायच्या आणि मग फोन चार मिनिटं पुरुषांकडे यायचा.

"काय साडूभाऊ, उंट घेताय म्हणे आमचा!" तिकडून साडू म्हणाले.

"घेऊ की. पण मान सोडून द्या. तिचे ब्लॉक वेगळे."

साडू हसले. हसण्यात थोडा चोरटेपणा होता. "तुम्हीच शिकवलंत ना, शंका असेल तर घरच्याला!"

"शंका आल्यावर म्हणालो होतो मी. तुम्ही शंका यायच्या आधीच लिहून मोकळे होता."

"अहो, बिचारा उडी तर मारतो ना! एवढा मोठा देह उचलायचा म्हणजे काही कमी आहे? जाऊ द्या. पण भाऊ, आमच्या साहेबांनी मला विचारलं बरं का. भिंगरीचे आकडे खरे का, म्हणून. आमचा सगळा खेळ आता त्याच्या एकट्याच्या हातात देणार आहेत ते. मी छातीठोकपणे सांगितलं, माझ्या साडूच्या हातचा आकडा आहे, सोळा आणे खरा. दुनिया इकडची तिकडे होईल पण तो माणूस एक पास जास्त लिहायचा नाही." साडू थांबले. "खरं ना?"

काकांनी फोन बायकोच्या हातात दिला. "तुझ्या बहिणीला काहीतरी सांगायचं राहिलं म्हणत होतीस," ते म्हणाले.

सोमवारी भिंगरीच खोलीत आला. छताला डोकं लागू नये म्हणून वाकावं न लागणारा क्लबातला तो एकटाच खेळाडू. काकांनी चित्रफीत पटकन बंद केली.

"काका, जेवलात?"

"हो. बोल."

"मला पाठवताहेत असं ऐकलं." तो कपाटाला टेकला. "खेळाडूला विचारत नाहीत ते माहीत आहे. जा म्हटलं की जायचं. पण हिचा दवाखाना आत्ता कुठे लागलाय मार्गाला. चार महिन्यांपूर्वी दातांची खुर्ची बसवली. ती खुर्ची उचलायला सहा माणसं लागली होती काका. ती काय आता पाठीवर घेऊन फिरणार? मी तिकडे, ती इकडे, असं होईल."

काका टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.

"तुम्ही मत लिहिणार आहात म्हणे. मी काही सांगायला नाही आलो. खरं आहे तेच लिहा. तुमचं खरंच असतं."

त्याने कपाटावर दोन बोटांनी दोनदा टकटक केली आणि तो गेला. काकांना वाटलं, याने पाया पडून काहीतरी मागितलं असतं तर बरं झालं असतं. नाही म्हणता आलं असतं.

आता अडचण काय होती ते नीट बघण्यासारखं आहे. दोघांचेही आकडे खरे आहेत असं लिहिलं, तर अदलाबदल बरोबरीची ठरते आणि पोरगा जातो. भिंगरीचेच तेवढे फुगलेले आहेत असं लिहिलं, तर बाई म्हणणार, मग तर आजच देऊन टाका, गिऱ्हाईक शुद्धीवर यायच्या आत. दोन्हीकडून पोराचं बाशिंग तिकडच्याच दारी. तो तिकडे जाणार, सगळा संघ त्याच्या डोक्यावर ठेवणार, आणि पहिल्या महिन्यात बोंब होणार की आठ सांगून पाचच आले. उंटाचं तेवढं लिहून आपलं लपवलं तर पोरगा राहिला असता, पण ते बावन्न दिसल्यावर काकांच्या पेनातून उतरायचं नाही. उरली एकच वाट. हाही फुगलेला आहे आणि तोही, आणि तो जास्त फुगलेला आहे, असं सांगायचं. ते सांगायचं तर फुंकर कुणाकुणाची, तेही सांगावं लागणार. म्हणजे एकीकडे साडूंचं पोट आणि दुसरीकडे आपलं नाव. काकांकडे नावाखेरीज दुसरी इस्टेट नव्हती.

त्यांनी बायकोला सांगून टाकलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बावन्न?" ती म्हणाली.

"बावन्न."

"आणि आठवडाभर माझ्या मेव्हण्याला हसत होतात." तिने एक घडी मोडून पुन्हा घातली. "त्याचं नाव लिहू नका. धाकटीच्या घरात कमावणारा तो एकटाच आहे. तुमचं काय लिहायचं ते लिहा. तुमच्या पेन्शनीला दोन वर्षं राहिलीत."

"माझं नाव गेलं तर चालेल?"

"मी तुम्हाला काटेकाका म्हणून पसंत केलं नव्हतं," ती म्हणाली.

काकांनी एक पान लिहिलं. पहिल्याच ओळीत लिहिलं की भिंगरीच्या एकशे छपन्न असिस्टपैकी बावन्न माझ्या हाताची चूक आहे. मग उंटाचे पंचावन्न आणि सत्तावीस. साडूंचं नाव नाही, 'त्या मैदानावरील नोंद' एवढंच. शेवटी त्यांनी लिहिलं की भिंगरीतले एक तृतीयांश हवेचे आहेत आणि उंटातला निम्मा, तेव्हा अदलाबदल करू नये. सही खऱ्या आडनावाने केली. ती वाचून कुणाची, हे बाईंना क्षणभर कळलं नाही.

बाईंनी पान दोनदा वाचलं. मग पाय स्टुलावरून खाली घेतला, जो त्या कुणासाठी घेत नसत.

"तिकडचा टेबलवाला तुमचा साडू ना?"

"हो."

बाई हसायला लागल्या. मोठ्यांदा, गुडघा धरून. "म्हणजे आम्ही इतके दिवस वकील लावून, तज्ज्ञ लावून, तुमच्या दोघांच्या मायेची अदलाबदल करत होतो!" मग त्यांचं हसू थांबलं. "इतकी वर्षं आम्ही तुमच्या आकड्यांवर माणसं घेतली नि सोडली, काका."

"हो," काका म्हणाले.

बाईंनी पानाची चौकोनी घडी केली आणि खणात टाकली. "हे मी वाचलेलं नाही. अदलाबदल रद्द. कारण मी ठरवीन काहीतरी. आणि तुम्ही हात बदलू नका. चाललंय तसंच चालू द्या. एकदम कमी दिसलं तर लोक विचारतील. शिवाय त्याचा करार या हंगामात संपतोय. बाजारात माल बरा दिसलेला बरा."

"ते आता जमायचं नाही, बाई. आता मला दिसतं."

"मग तुमचं तुम्ही बघा," बाई म्हणाल्या आणि पाय पुन्हा स्टुलावर ठेवला.

बातमी आली की अदलाबदल फिसकटली. भिंगरीच्या बायकोने दवाखान्याच्या दाराला रंग दिला. त्या आठवड्याच्या सामन्यात भिंगरी नाचत टेबलापाशी आला, टकटक केली, "काका, जेवलात?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता पळाला. काकांना फार आनंद झाला. तासाभराने त्याने एकाला पास दिला, त्याने दोन टप्पे मारले, खांदा हलवला आणि बास्केट टाकली. शेजारच्या बाईंची बोटं सवयीने भिंगरीच्या नंबरावर गेली.

"पास नाही," काका म्हणाले.

बाईंनी वळून बघितलं. काका समोर बघत होते.

त्या दिवशी भिंगरीचे पाच झाले. पुढच्या सामन्यात सहा, मग चार, मग पुन्हा पाच. खेळ तोच होता. पण वर्तमानपत्राने तीन आठवड्यांनी लिहिलं की भिंगरी मंदावली. मग सगळ्यांनाच ती मंदावलेली दिसायला लागली. ज्या तज्ज्ञांनी त्याला देऊन टाका म्हटलं होतं ते म्हणाले, आम्ही सांगत होतो. भिंगरी सरावाला अर्धा तास आधी यायला लागला, मग एक तास. पायऱ्यांखालच्या खोलीत काकांना वरून एकट्या चेंडूचा आवाज यायचा. वर जाऊन सांगावं, असं त्यांना रोज वाटायचं. सांगायचं म्हटलं तर काय सांगायचं? की तू घसरलेला नाहीस, तू इतकाच होतास?

टकटक त्याने सोडली नाही. फक्त थोडी हळू झाली.

हंगाम संपत आला तेव्हा भिंगरीला मागायला कुणी आलं नाही. पाच-सहा असिस्ट देणारे बत्तिशीकडे झुकलेले बुटके गडी बाजारात पैशाला पासरी होते. बाईंनी त्याला आणखी दोन वर्षं ठेवून घेतलं, आधीपेक्षा कमी पगारावर, आणि त्याने मुकाट्याने सही केली. म्हणजे तो राहिला. दवाखाना राहिला, खुर्ची राहिली. काकांना जे हवं होतं ते अक्षरशः झालं. तिकडे साडूंनी हात बदलला नाही. उंट तिसऱ्याच एका क्लबाने मोठ्या हौसेने नेला आणि तिथले लोक अजून त्याच्या ब्लॉकची वाट बघताहेत. रविवारचे फोन चालू आहेत, पण पुरुषांची चार मिनिटं आता बहिणींच्या चाळिसात मिळवली गेली आहेत.

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना दुपारचा होता. तो संपून हॉल रिकामा झाला, झाडणाऱ्या बायका खुर्च्यांखालचे कागदी पेले गोळा करत होत्या. काका कागद आवरत होते. भिंगरी अजून खेळाच्याच कपड्यांत होता, गळ्यात टॉवेल. तो टेबलापाशी आला आणि समोरची खुर्ची उलटी करून बसला.

"काका, एक विचारू? माझं काही चुकलं का?"

काकांनी पेनाला टोपण लावलं. हा प्रश्न येणार हे त्यांना महिनोन्‌महिने ठाऊक होतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. एकशे छपन्न, एकशे चार, बावन्न. बाकीच्या पोरांचे एकतीस आणि बारा. बाईंना दिलेलं पान. "तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "तू होतास तसाच आहेस. आधी माझं चुकत होतं."

भिंगरीने सगळं ऐकून घेतलं. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"ते माहीत आहे मला," तो म्हणाला. "पास सुटला की हाताला कळतं ना काका. मी मनात पाच मोजलेले असायचे आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आठ."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू?" तो थोडा हसला. "मला वाटायचं, काकांचा आपल्यावर जीव आहे. बाकी कुणाला देत नाहीत ते, हेही बघितलं होतं मी. बरं वाटायचं." त्याने टॉवेलाचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग एकदम बंद झालं. पास तेच आहेत, खेळ तोच आहे. म्हणून विचारलं, माझं काही चुकलं का."

काकांना सांगायचं होतं की जीव आहे. होता तेवढाच आहे, उलट जास्तच. पण नऊ वर्षांत हे त्यांनी तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. जे काही म्हणायचं ते त्या कागदावर म्हणून झालं होतं आणि तो कागद त्यांनी स्वतःच खोटा ठरवला होता. शेवटी त्यांनी उचलून भलतंच काहीतरी विचारलं, जे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"जेवलास का?"

भिंगरी उठला. खुर्ची सरळ करून जागेवर ठेवली.

"हो काका, जेवलो," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

सामन्याआधी चार तास भिंगरी पोटात काही घालत नाही, हे काकांना नऊ वर्षांपासून माहीत होतं.